बसायचा दगड

चिचपारच्या तलावाचं पाणी कधी सोडायचं आणि कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, आधी न्यायचं, हे ठरवायला गाव तलावाच्या पाळीवर जमतं. ज्याचा दगड आहे तो बसतो. ज्याचा नाही तो उभा राहतो. कुसुमबाई रामटेके उभ्या राहायच्या. अंगात जोर होता तोवर त्यांना त्याचं काही वाटलं नाही. पण पासष्टी उलटली, दोन्ही गुडघ्यांनी एकदमच संप पुकारला, आणि कुसुमबाईंच्या मनानं घेतलं की मरायच्या आत एकदा तरी त्या पाळीवर बसायचं.

यात अवघड ते काय, असं परगावच्या माणसाला वाटेल. परगावच्या माणसाला चिचपार ठाऊक नाही.

हा तलाव इथल्या कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधला. तलाव बांधावेत तर कोहळ्यांनीच, हे या भागात सगळे मानतात, आणि खुद्द कोहळी जरा जास्तच मानतात. पाण्याची लाट लागून माती खचू नये म्हणून पाळीच्या आतल्या अंगाला दगड रचलेले आहेत. तसे सगळ्याच तलावांना असतात. चिचपारची गोष्ट निराळी एवढ्यासाठी की पाणी सोडायच्या दरवाजाजवळ, पाळीच्या माथ्यावर, रुंद सपाट लाद्यांची एक रांग आहे, आणि त्यातला एकेक दगड एकेका घराचा आहे. पाळ बांधताना ज्या घरानं माती वाहिली त्या घराला बसायला एक दगड, असं तेव्हा ठरलं. तेव्हापासून तो बापाकडून मुलाकडे येतो. भाऊ वेगळे झाले तर शेत वाटून घेतात, बैल वाटून घेतात, पितळेची भांडीसुद्धा वाटून घेतात. दगड वाटता येत नाही. म्हणून अबोला धरलेले दोन सख्खे भाऊ एकाच दगडावर पाठीला पाठ लावून बसलेले चिचपारमध्ये दर साली बघायला मिळतात.

पाणीवाटपही या दगडांवरूनच चालतं. पाणी समितीचे अध्यक्ष बसलेल्यांना एका टोकाकडून विचारत जातात, ‘बोला, तुमाले कधी पायजे?’ ज्यानं त्यानं आपला दिवस सांगायचा. सगळे बसलेले संपले की अध्यक्ष उभ्या असलेल्यांकडे बघतात आणि म्हणतात, ‘बाकीच्याइले उरल्यावर.’ कुसुमबाई हे ऐकून घरी यायच्या. पाणी उरायचंही, नाही असं नाही. पण धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या वेळेला बांधी कोरडी राहिली आणि मग पाणी आलं, तर त्या पाण्यानं बेडूक तेवढे खूश होतात.

अध्यक्ष म्हणजे यादोराव कापगते. सत्तरी ओलांडलेले, कपडे पांढरेस्वच्छ, आवाज कधी न चढवणारे. यादोराव वाईट माणूस नव्हते. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं. यादोराव नियमाचे माणूस होते, आणि नियम सांगताना ते समोरच्याला मान देऊन बोलायचे, त्यामुळे कुसुमबाईंसारख्या तोंडाळ बाईलाही त्यांच्यापुढे शब्द सापडत नसत.

कुसुमबाई माहेरच्या देवरीकडच्या. लग्न होऊन चिचपारच्या बौद्धवस्तीत आल्या तेव्हा नवरा धानाच्या शेतात मजुरीला असेल असं त्या धरून चालल्या होत्या. उदाराम खदानीत होते. गावामागच्या टेकडीवर नुसता उघडा खडक आहे, त्याला गाव खदान म्हणतं. तिथं सुरुंग लावून दगड फोडणं फार पुढे आलं. त्याआधी खडकावर झुडपं-काटक्या पसरून जाळ करायचा, तो हळूहळू पुढे सरकवत न्यायचा, आणि मागून घनानं ठोकत आवाज ऐकायचा. खालचा थर सुटला की आवाज पोकळ येतो. मग फटीत सब्बल, म्हणजे पहार, घालून अख्खी लादी उचलायची, भाकरीचा पापुद्रा उचलावा तशी. उदारामांचे वडील हेच करत, आजे हेच करत, आणि पाळीवरच्या बसायच्या लाद्या त्यांच्याही आधीच्या पिढीनं याच खडकावरून सोलून, गाड्यांवर घालून, पाळीवर नेऊन मांडून दिलेल्या होत्या. मांडून देऊन ते घरी गेले. त्यांना कोणी बसा म्हटलं नाही, आणि तेव्हा तशी पद्धतही नव्हती.

कुसुमबाईंच्या वाट्याला गिट्टी फोडण्याचं काम आलं. बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधून दिवसभर दगड फोडायचा. ही गिट्टी कुठकुठल्या रस्त्याखाली गेली हे त्या पुढे बसमधून जाताना खिडकीतून दाखवायच्या, आणि बहुतेक वेळा चुकीचा रस्ता दाखवायच्या. एवढं आयुष्य दगडांत गेल्यामुळे दगडाविषयीची त्यांची मतं पक्की होती. दगड पावसाळ्यात वाढतो, हे एक मत. खडकात पांढऱ्या गारेची, गारगोटीची, रेघ असते ती दगडाची चरबी, हे दुसरं. दोन्ही मतं साफ चुकीची आहेत हे त्यांना नंतर एका शिकलेल्या बाईनं समजावून सांगितलं. कुसुमबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मत बदललं नाही.

दोघांनी मिळून तलावाखालची एक एकर बांधी घेतली, हा त्यांच्या संसारातला मोठा पराक्रम. एक कापगते नागपूरला स्थायिक झाला, त्यानं विकली. त्या साली कुसुमबाई ऐटीत पाळीवर गेल्या आणि त्या कापगत्याच्या दगडावर जाऊन बसल्या. जमीन आपली झाली म्हणजे दगडही आपला झाला, असा त्यांचा सरळ हिशेब होता. यादोराव तेव्हा नुकतेच अध्यक्ष झालेले. ते जागेवरून उठून जवळ आले.

“कुसुमबाई, जमीन तुमी घेतली. चांगलं केलं,” ते म्हणाले. “पन गोटा जमिनीचा नसते. गोटा घराचा असते. ते घर नागपूरले गेलं, म्हून गोटा काई तुमचा होत नाई जी.”

कुसुमबाई उठल्या. त्यानंतर नागपूरकर कापगते पाण्याच्या बैठकीला एकदाही आला नाही. त्याला कशाला पाहिजे होतं पाणी? त्याचा दगड दर साली रिकामा राहायचा. लोक त्याच्यावर छत्र्या, डबे आणि तंबाखूच्या पिशव्या ठेवायचे, आणि त्याला लागून कुसुमबाई उभ्या असायच्या.

पुढे उदारामांच्या छातीत दगडाची धूळ बसली. खदान बंद पडली आणि पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. कुसुमबाई खूप रडल्या. रडणं ओसरल्यावर त्यांना राग आला, तो आजतागायत गेलेला नाही. या माणसानं जन्मभर दुसऱ्यांना बसायला लाद्या काढून दिल्या आणि स्वतःच्या घरी एक आणली नाही, याचा राग. त्यांच्या दारापुढे बसायला अजूनही मोहाच्या लाकडाचा ओंडका आहे.

मुलगा संघदीप गोंदियाला राइस मिलमध्ये मशीन ऑपरेटर आहे. आईच्या गुडघ्यांची कथा ऐकून त्यानं एका दिवाळीला लाल प्लॅस्टिकची खुर्ची आणून दिली.

“हे घे, माय. घेऊन जात जा पारीवर. कोन रोकते तुले?”

कोणीच रोकलं नाही. कुसुमबाई खुर्ची डोक्यावर घेऊन गेल्या, मांडली, बसल्या. यादोरावांनी बघितलं आणि नियमात खुर्चीविषयी काही नसल्यामुळे ते काही बोलले नाहीत. बसलेल्यांना विचारत ते कुसुमबाईंपर्यंत आले, क्षणभर थांबले, आणि पुढच्याकडे गेले. शेवटी वळून म्हणाले, ‘बाकीच्याइले उरल्यावर.’ बैठक संपली तेव्हा सगळे उठून हात झटकत निघाले. कुसुमबाईंना मात्र आपलं बसणं उचलून डोक्यावर घेऊन यावं लागलं. ती खुर्ची नंतर त्यांनी कोंबड्यांची टोपली दाबून ठेवायला घेतली.

“कायले नाई नेत खुर्ची?” संघदीपनं फोनवर विचारलं.

“खुर्ची संध्याकारी घरी आना लागते,” कुसुमबाई म्हणाल्या. “गोटा तिथंच रायते.”

संघदीपला हे समजलं नाही. त्यानं दुसरी, हाताची खुर्ची आणू का म्हणून विचारलं.

मग दोनेक वर्षांपूर्वी पुष्पांजली मॅडम गावात आल्या. गोंदियाच्या एका कॉलेजात त्या भूगर्भशास्त्र शिकवतात. जिल्ह्यातल्या कुठल्या जुन्या बांधकामाला कुठल्या खदानीचा दगड वापरला याचा इतिहास त्या गोळा करत होत्या: रेल्वेचे पूल, तलावांच्या पाळी, देवळं, डाकबंगले. दगडांचा कोणी इतिहास लिहितं हे चिचपारला नवीन होतं. चिचपारचा दगड कुठला आहे हे विचारत त्या यादोरावांकडे गेल्या. यादोरावांनी त्यांना चहा पाजला, तलाव कोणी बांधला ते सात पिढ्यांच्या नावांसकट सांगितलं, आणि खदान दाखवायला कुसुमबाईंकडे पाठवलं.

कुसुमबाई गुडघे विसरून टेकडी चढल्या. जाळ कुठं करायचे, लाद्या कुठून उतरवायचे, ते दाखवलं. दगड वाढतो तेही सांगितलं. मॅडमनी खडकाचे तुकडे घेतले, फोटो घेतले. खाली बसल्यावर म्हणाल्या, “मावशी, या खदानीचा उल्लेख एका जुन्या इंग्रजी अहवालात आहे. दगड चांगला, मोठ्या लाद्या निघतात, चिचपारच्या तलावाला हाच वापरला, असं लिहिलंय.”

“फोडला कोनं ते हाये का?”

“मालगुजाराचं नाव आहे.”

“मालगुजारानं फोडला?”

“नाही. मजुरांकडून काढून घेतला, असं आहे.”

“नावं?”

“नावं नाहीत, मावशी. नुसतं मजूर.”

कुसुमबाईंनी समोरच्या खडकाकडे बघितलं. त्यांना वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. “मजूर म्हंजे आमीच ना जी?” त्यांनी विचारलं. पुष्पांजली म्हणाल्या की तुमच्याशिवाय दुसरे कोण असणार. “तं मंग तुमी लिवा तसं,” कुसुमबाई म्हणाल्या, आणि मॅडमनी तिथंच बसून उदारामांचं, त्यांच्या वडिलांचं आणि आज्यांचं नाव लिहून घेतलं.

त्या जोरावर कुसुमबाई दुसऱ्याच दिवशी यादोरावांच्या ओसरीवर. पारीवरचे सारे गोटे आमच्या घरच्याइनं काढले, मॅडमनं लिहून घेतलं आहे, तर फोडणाऱ्याचा एक तरी गोटा असावा की नाही, असं त्यांनी विचारलं. यादोरावांनी नीट ऐकून घेतलं. आतून त्यांच्या बायकोनं, सुमित्राबाईंनी, पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

“तुमचं म्हननं खरं हाये,” यादोराव म्हणाले. “त्याइनंच फोडले. पन फोडनाऱ्याले मजुरी भेटली, कुसुमबाई. माती वाहनाऱ्याले मजुरी नव्हती, म्हून त्याले गोटा देला.”

कुसुमबाई पाणी पिऊन परत आल्या. मजुरी खरंच मिळाली होती. कमी मिळाली होती, पण मिळाली होती. यादोरावांच्या बोलण्यात खोट काढता येत नव्हती आणि ते बोलणं खरंही वाटत नव्हतं, आणि या दोन्हींच्या मधे त्यांना त्या रात्री झोप आली नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात तलावाच्या दुरुस्तीचं काम निघालं. पाळीचे दगड जागोजाग निसटले होते. ठेकेदार म्हणाला, सगळे काढून, खाली मुरूम दाबून, पुन्हा लावावे लागतील. माथ्यावरची रांगही काढावी लागेल. गावात खळबळ उडाली. यंत्रानं दगड उचलले आणि ढिगात मिसळले तर कोणता कोणाचा हे कसं कळायचं? यादोरावांनी सभा घेतली आणि ठरवलं की ज्यानं त्यानं आपल्या दगडावर रंगानं खूण करून ठेवावी. शाळेची दारं-खिडक्या रंगवून पांढरा ऑइल पेंट उरला होता, तो घ्यावा.

झालं. डबा आणि ब्रश घरोघर फिरला. प्रत्येकजण आपल्या सवडीनं पाळीवर जाऊन आला. आता, नाव लिहिलेला दगड मेलेल्या माणसाचा असतो, हे चिचपारमध्ये लहान पोरालाही माहीत आहे. जित्या माणसाचं पहिलं नाव दगडावर लिहायला कोणाचा हात धजावेना. म्हणून सगळ्यांनी आपापलं आडनाव लिहिलं, ठळक आणि नेटकं. चिचपारमध्ये ज्या घरांचे दगड आहेत ती सगळी घरं कापगत्यांची आहेत.

संघदीपनं तेव्हाही फोन केला होता. “माय, ब्रश घे आन लिवून टाक रामटेके. कोनत्याबी गोट्यावर. कोन पाहून रायलं?”

“लिवल्यानं माहा होते का?” कुसुमबाई म्हणाल्या. चोरून बसायचं असतं तर त्या कधीच बसल्या असत्या.

रंग वाळला. यंत्र आलं, दगड निघाले, ढीग झाला. तेव्हा सुमित्राबाई जेवणाचा डबा घेऊन पाळीवर आल्या, आणि ढिगाकडे बघत नवऱ्याला म्हणाल्या, “सारेच कापगते लिवून ठेवले. आता ओरखाल कसे?”

यादोरावांनी डबा घेतला आणि दगडांकडे बघितलं. त्यांच्या आयुष्यात नियम बरोबर पाळला जाऊन काम बिघडण्याची ही पहिलीच वेळ होती. ते जेवले नाहीत.

पुढचे पंधरा-वीस दिवस चिचपारमध्ये दुसरा विषय नव्हता. प्रत्येकाला आपला दगड पक्का आठवत होता. प्रत्येकाच्या आठवणीतला दगड मोठा, सपाट आणि चारही कोपरे शाबूत असलेला होता. असे दगड ढिगात मोजकेच होते, त्यामुळे एकेका चांगल्या लादीभोवती चार-चार कापगते उभे राहून आपल्या आज्याची शपथ घेऊ लागले. टेकचंद कापगते, गावातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस, एका लादीवर दोन दिवस गमछा टाकून बसून राहिला. तिसऱ्या दिवशी गमछा ढिगाखाली सापडला.

शेवटी कोणाला तरी आठवलं की मॅडमला दगडातलं समजतं. पुष्पांजलींना बोलावून घेतलं. त्या भर उन्हात आल्या, भिंगातून दगड पाहिले, एक-दोन ठिकाणी पाणी टाकून पुसून पाहिले.

“हे सगळे एकच दगड आहेत,” त्या म्हणाल्या. “एकाच खडकाचे. मावशींच्या खदानीतले. फरक काहीच नाही.”

“वयानं तं असन?” टेकचंदनं विचारलं.

“वय पण एकच. दोनशे कोटी वर्षांच्या वर जाईल.”

“त्यातले शेवटचे शंभर-दीडशे वर्षं कोनाच्या घरचा होता, तेवढंच सांगा ना, म्याडम. बाकीचे आमाले नाई पायजे.”

पुष्पांजलींनी भिंग पर्समध्ये ठेवलं आणि आपल्या शास्त्रात ते येत नाही असं सांगितलं. गावाला त्या शास्त्राविषयी फार आदर राहिला नाही. इकडे ठेकेदाराची मुदत संपत आली होती. त्यानं कोणाचं ऐकलं नाही. यंत्रानं हाती येईल तो दगड उचलला आणि रांग लावून टाकली. काहींची नावं वर आली, काहींची खाली गेली. दोन-चारांचे कोपरे उडाले. मग पावसाळा लागला आणि भांडण रोवणीच्या चिखलात तात्पुरतं थांबलं.

पण आश्विनात पावसानं दडी मारली. धान पोटरीत आलेला, बांध्यांना भेगा, आणि वर आकाश निळंभोर. कुसुमबाईंची बांधी पाटाच्या शेवटी, तिथं तर जमीन पायाला भाजत होती. आठवड्यात पाणी मिळालं नाही तर लोंब्या पोटरीतच वाळणार हे त्यांना दिसत होतं. यादोरावांनी बैठक बोलावली.

कुसुमबाई काठी टेकत पाळीवर पोचल्या तेव्हा त्यांना आधी आपण उशिरा आलो असं वाटलं, कारण सगळे उभे होते. नुकतेच उठले असतील. मग ध्यानात आलं की कोणी बसलेलंच नाही. दगडांची रांग समोर रिकामी पडली होती आणि सगळे कापगते तिच्यामागे, ओळीनं, डोक्यावर गमछे घेऊन उन्हात उभे होते. बसावं तर शेजारचा म्हणणार हा माझा. एकाच दगडावर बसणारे, अबोला धरलेले ते दोन भाऊसुद्धा आज अंतर ठेवून वेगवेगळे उभे होते. यादोराव टोकाला, छत्री टेकून.

कुसुमबाईंना बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, फारच बरं वाटलं. त्या मनातल्या मनात उदारामांना म्हणाल्या, ‘पाहा, तुमच्या गोट्याइनं साऱ्याइले उभं केलं.’ पण हे बरं वाटणं गुडघ्यांपर्यंत पोचलं नाही. गुडघ्यांतून कळ निघाली आणि त्यांनी काठीवर भार टाकला.

मग त्यांनी सगळ्यात जवळच्या दगडाला काठी लावली. “हा कोनाचा हाये?”

“माहा,” दोघं-तिघं एकदम म्हणाले.

“आन हा?”

“माहा.”

त्या रांगेनं चालत निघाल्या. काठी लावायच्या, विचारायच्या. कुठे दोन आवाज, कुठे चार. दरवाजाच्या अंगाला यंत्रानं कोपरा उडवलेला एक दगड होता. वर खडबडीत, मधोमध गारेची जाड पांढरी रेघ, आणि एका बाजूला कललेला. नावाची बाजू खाली गेलेली.

“हा?”

कोणी बोललं नाही. तो दगड कोणाचा तरी होताच. उभ्या असलेल्या कापगत्यांपैकी कोणाचा तरी आजा त्याच्यावर बसून जन्मभर पाणी मागत आला असेल. पण त्या नातवाची नजर चांगल्या लादीवर होती. हा माझा म्हटलं की ती गेली.

“कोनाचाच नाई?” कुसुमबाईंनी पुन्हा विचारलं. त्यांनी घाई केली नाही. प्रत्येकाच्या तोंडाकडे बघितलं. मग काठी बाजूला ठेवली, एका हातानं दगड धरला आणि बसल्या. दगड तापलेला होता. लुगड्यातून चटका बसला तरी त्या हलल्या नाहीत.

“अरे, हे तं...” टेकचंद पुढे आला.

यादोरावांनी छत्री जरा उचलली. “टेकचंद, तुहा हाये का तो गोटा?”

टेकचंदनं उडालेल्या कोपऱ्याकडे बघितलं. “माहा सपाट होता,” तो म्हणाला आणि मागे सरला.

“आनखी कोनाचा?” यादोरावांनी विचारलं. सगळ्यांनी नजरा चांगल्या लाद्यांकडे वळवल्या. यादोराव कुसुमबाईंकडे बघत राहिले. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते त्यांनी पुढेही कधी सांगितलं नाही. पण एवढं खरं, की हा माणूस जन्मात नियमाच्या बाहेर गेला नव्हता, आणि या वयात ते शिकण्याचा त्यांचा विचार दिसत नव्हता. ते चालत रांगेच्या दुसऱ्या टोकाशी आले, जिथून दर साली विचारायला सुरुवात करतात.

“बसलेले आधी,” ते म्हणाले.

“पन भाऊजी, आपले तं सारे उभे हायेत,” मागून कोणीतरी म्हणालं.

“मंग बसा ना. कोन नाई म्हन्ते? आपापल्या गोट्यावर बसा.”

कोणी बसलं नाही. एकानं पाय पुढे टाकला, शेजाऱ्यानं त्याच्याकडे बघितलं, त्यानं पाय मागे घेतला. यादोरावांनी पुरेसा वेळ वाट पाहिली. मग रिकाम्या दगडांच्या समोरून, एकही न गाळता, सावकाश चालत ते कुसुमबाईंच्या पुढ्यात येऊन थांबले.

“बोला, कुसुमबाई,” ते म्हणाले. “तुमाले कधी पायजे पानी?”

उशिरा आलेल्या पाण्याविषयी कुसुमबाईंकडे चिकार बोलायला होतं, वाळलेल्या प्रत्येक हंगामाचं त्या सांगू शकल्या असत्या. पण पाणी कधी पाहिजे हे त्यांना या पाळीवर आजवर कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी ते कधी ठरवलंच नव्हतं. आज म्हणावं तर पाट साफ व्हायचा आहे. उद्या म्हणावं तर मधल्या बांधीचा बांध फुटला आहे, तो आधी घालावा लागेल. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पदरानं टिपलं आणि उन्हामुळे आलं असं दाखवलं.

“थांबा जी,” त्या म्हणाल्या. “इचार करू द्या.”

“करा,” यादोराव म्हणाले.

कुसुमबाई दगडावर नीट मागे सरकून बसल्या, पाय लांब केले, आणि आपल्या बांधीकडे बघत विचार करू लागल्या. यादोराव समोर उभे होते, आणि त्यांच्या मागे सारं चिचपार उन्हात उभं होतं.